वाचकांचे प्रश्न : पॉवर गेली कुठे?

गेल्या अंकात घरी बनवता येणाऱ्या, दोन सरळ तारांच्या डायपोल अँटेनाबद्दल लिहिलं होतं आणि मॅचिंगचा विषय पुढच्या खेपेला घेऊ म्हणून थांबले होते. त्यावर बरीच पत्रं आली. तंत्रनिकेतनाच्या कम्युनिकेशन लॅबमध्ये एकतीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे : या विषयात मुलं सूत्र पाठ करतात, पण ‘पॉवर कुठून निघाली आणि कुठे पोचली’ हा साधा हिशोब मांडत नाहीत. आजची उत्तरं त्या हिशोबाचीच आहेत.

ताई, मी केबल जोडणीची कामं करतो. आरजी-५८ केबलवर ५० ओहम छापलेलं आहे. मल्टिमीटर लावला तर ओपन दाखवतो. दुसरं टोक शॉर्ट केलं तर शून्याच्या आसपास. मग हे ५० ओहम आहेत कुठे? (विटा)

फार चांगला प्रश्न. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचलेली कित्येक मुलं हे विचारायला लाजतात.

मल्टिमीटर जे दाखवतो ते सगळं स्थिरस्थावर झाल्यानंतरचं असतं. त्याच्या अगोदरच्या क्षणात काय होतं ते बघा. केबलच्या एका टोकाला तुम्ही बॅटरी जोडली. दुसऱ्या टोकाला काय आहे हे त्या क्षणी बॅटरीला कळायला मार्गच नाही. व्होल्टेजची लाट केबलमधून निघते. आरजी-५८ मध्ये तिचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ६६ टक्के असतो. २५ मीटरचं वेटोळं असेल तर पलीकडे पोचायला साधारण १२६ नॅनोसेकंद लागतात आणि जाऊन परत यायला पाव मायक्रोसेकंद. एवढा वेळ ती केबल बॅटरीकडून जो करंट घेते तो अगदी ५० ओहमचा रेझिस्टर लावल्यासारखा असतो. केबलवर छापलेले ५० ते हेच. लाट पलीकडे पोचली आणि तिथे टोक उघडं असलं की ती सगळीच्या सगळी माघारी फिरते. शॉर्ट असलं तर उलटी होऊन फिरते. आणि तिथे ५० ओहमचा रेझिस्टर असला तर लाट त्यात जिरते, माघारी काहीच येत नाही. याचंच नाव मॅचिंग.

हा आकडा केबलच्या घडणीतून येतो. या केबलच्या दर मीटरमध्ये साधारण १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि पाव मायक्रोहेन्रीचा इंडक्टन्स आपोआप तयार झालेला असतो. इंडक्टन्सला कपॅसिटन्सने भागा, वर्गमूळ काढा, ५० येतं. म्हणून तुकडा एक मीटरचा असो की शंभरचा, आकडा तोच राहतो.

लॅबमध्ये मी हे डोळ्यांनी दाखवत असे. केबलचं वेटोळं, एक पल्स जनरेटर आणि ऑसिलोस्कोप. केबलचं टोक उघडं असताना स्कोपवर पायरी दिसायची : व्होल्टेज अर्ध्यावर जाऊन थबकायचं आणि पाव मायक्रोसेकंदाने पूर्ण व्हायचं. मग टोकाला १०० ओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावायचा आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने पायरी नाहीशी होईपर्यंत फिरवायचा. स्कोपवरची रेघ सपाट झाली की प्रीसेट काढून मल्टिमीटरने मोजायचा. ४९ यायचे, ५१ यायचे. मल्टिमीटरला केबलमध्ये न सापडलेले ५० ओहम असे प्रीसेटमध्ये सापडायचे. त्या वेळी मुलांचे चेहरे बघण्यासारखे असत.

आता हा पाव मायक्रोसेकंद किरकोळ वाटेल. पण हौशी (हॅम) रेडिओच्या १४५ मेगाहर्ट्झवर तेवढ्या वेळात ३६ आवर्तनं होऊन जातात. तिथे स्थिरस्थावर होण्याचा क्षण कधी येतच नाही, लाटांचं येणंजाणं हाच रोजचा व्यवहार. ५०च का, तर तो मधला मार्ग आहे. आत हवा असलेल्या कोअॅक्स (मध्ये तार, भोवती जाळी) केबलमधून जास्तीत जास्त पॉवर न्यायची तर ३० ओहमची घडण उत्तम आणि गळती कमीत कमी हवी तर ७७ ओहमची. टीव्हीला पॉवर न्यायची नसते, सिग्नल वाचवायचा असतो, म्हणून तुमच्या टीव्हीच्या केबलवर ७५ छापलेलं असतं.

मॅडम, पुस्तकात आहे की लोड (पॉवर घेणारा) आणि सोर्स (पॉवर देणारा) यांचा इंपीडन्स, म्हणजे करंटला होणारा एकूण विरोध, सारखा असला की जास्तीत जास्त पॉवर मिळते, पण तेव्हा अर्धी पॉवर सोर्समध्येच जळते. मी ७ मेगाहर्ट्झचा ५ वॉटचा ट्रान्समीटर प्रोजेक्ट म्हणून करतोय. त्याच्या आतही ५ वॉट जळणारच, असं सर म्हणतात. खरं का? (इचलकरंजी, शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी)

नाही. आणि हे नीट समजून घे, कारण या एका गैरसमजावर कितीतरी प्रोजेक्ट अडकलेले मी पाहिले आहेत.

पुस्तकातला तो नियम एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर आहे : सोर्स दिलेला आहे, त्याचा आतला रोध बदलता येत नाही, तर लोड किती ठेवू? लोड दिलेला असताना सोर्स कसा बनवू, हा प्रश्नच वेगळा. एकोणिसाव्या शतकात या दोन प्रश्नांची गल्लत होऊन मोटर ५० टक्क्यांपेक्षा जास्त कार्यक्षम होऊच शकत नाही असं मानणारे लोक होते. एडिसन आणि त्याचा सहकारी फ्रान्सिस अप्टन यांनी डायनॅमोचा आतला रोध मुद्दाम अगदी कमी ठेवला आणि तो प्रश्न मिटवला. तुझ्या घरी येणाऱ्या विजेचंही कोणी मॅचिंग करत नाही. तसं केलं असतं तर गावाला जेवढी वीज मिळते तेवढीच डीपीपासून मागे जळली असती.

तुझ्या ट्रान्झिस्टरचंही तसंच. त्याच्या ‘आतल्या इंपीडन्स’ला जुळेल असा लोड आपण शोधत नाही. आपण विचारतो : १२ व्होल्ट सप्लायवर ५ वॉट काढायचे तर ट्रान्झिस्टरला समोर किती ओहम दिसले पाहिजेत? व्होल्टेजचा वर्ग भागिले पॉवरची दुप्पट. म्हणजे १४४ भागिले १०, साधारण १४.४ ओहम. अँटेनाकडे जाणारी केबल तर ५० ओहमची. तर मॅचिंगचं काम एवढंच की ५० ओहमला १४.४ ओहमचं रूप द्यायचं, तेही काही न जाळता. म्हणून ते कॉइल आणि कपॅसिटरने करायचं, रेझिस्टरने नाही. ट्रान्झिस्टर क्लास-सी किंवा क्लास-ई या पद्धतींनी चालवलास तर आत जळणारी पॉवर बाहेर जाणाऱ्या पॉवरपेक्षा खूपच कमी राहते.

आकडे हातात घे. ५० भागिले १४.४, वजा एक, त्याचं वर्गमूळ : १.५७. हा क्यू, म्हणजे पुढच्या दोन आकड्यांसाठी लागणारा गुणक. सीरिज कॉइलचा रिअॅक्टन्स, म्हणजे काही न जाळता होणारा विरोध, १४.४ गुणिले १.५७, म्हणजे २२.६ ओहम. ५० ओहमच्या बाजूला जमिनीकडे जाणाऱ्या कपॅसिटरचा रिअॅक्टन्स ५० भागिले १.५७, म्हणजे ३१.८ ओहम. ७.१ मेगाहर्ट्झवर ही कॉइल ०.५१ मायक्रोहेन्रीची होते आणि कपॅसिटर ७०५ पिकोफॅरडचा. ६८० आणि २२ पॅरलल लाव, काम झालं. कॉइलसाठी टी५०-२ टोरॉइड, म्हणजे तार गुंडाळायची कडी, घे, तो लाल रंगाचा असतो. त्यावर १० टर्न. तार भोकातून एकदा गेली की एक टर्न, बाहेरून मोजू नकोस. इथे दरवर्षी निम्मी बॅच चुकायची आणि नऊ किंवा अकरा टर्न घालून बसायची. एनॅमल तारेची टोकं ब्लेडने पूर्ण खरवडल्याशिवाय सोल्डर करू नकोस. वरून चकचकीत दिसणारा आणि आतून न चिकटलेला जोड शोधण्यात आख्खी दुपार जाते. ट्रान्झिस्टरचा स्वतःचा कपॅसिटन्सही मध्ये येतोच, तेव्हा टर्न थोडे दाबून किंवा पसरून शेवटची जुळवाजुळव करावी लागेल. टोरॉइड तुमच्याकडे मिळाला नाही तर पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी कर.

आणि हॅमचं लायसन्स हातात येईपर्यंत अँटेना जोडायची नाही. १०० ओहमचे ३ वॉटचे दोन मेटल फिल्म रेझिस्टर पॅरलल लावून अँटेनाच्या जागी लावायचा डमी लोड बनव. वायरवाउंड घेऊ नकोस, ते स्वतःच कॉइल असतात. तुझ्या सरांना हे पान दाखव. वाद घालू नकोस, ट्रान्समीटर चालवून सप्लायचा करंट मोजून दाखव.

माझी १४५ मेगाहर्ट्झची अँटेना गच्चीवर आहे, खाली सेटपर्यंत आरजी-५८ चे २५ मीटर. तीन पावसाळे झाले. एसडब्ल्यूआर मीटर १.४ दाखवतो, बसवली तेव्हा १.७ होता. म्हणजे सुधारणाच झाली. पण हल्ली रिपीटरसुद्धा (आपला सिग्नल पुढे पाठवणारं स्टेशन) उघडत नाही. सेट बिघडला असेल का? (रत्नागिरी)

सेटला हात लावू नका. आधी गच्चीवर जा.

एसडब्ल्यूआर म्हणजे किती पॉवर माघारी येते याचं माप, १ म्हणजे काहीच नाही. काही न करता तो सुधारला तर मला आनंद होत नाही, शंका येते. मीटर कुठे लावलाय? खाली, सेटजवळ. तो काय मोजतो? गेलेली पॉवर आणि परत आलेली पॉवर. समजा वर अँटेनाच नाही, केबलचं टोक उघडं आहे. लाट वर जाताना थोडी गळते, टोकावरून पूर्ण माघारी फिरते, येताना पुन्हा गळते. चांगल्या स्थितीतली २५ मीटर आरजी-५८ सुद्धा १४५ मेगाहर्ट्झवर एका फेरीत साधारण ५ डेसिबल खाते, जाऊन-येऊन १०. म्हणजे १०० भाग पाठवले तर १० परत आले. मीटर या परिस्थितीत किती दाखवेल? १.९. वर अँटेना नाही आणि खाली मीटर म्हणतोय १.९! केबल आणखी खराब झाली की हा आकडा आणखी ‘सुधारतो’. एका फेरीला १० डेसिबल गळती झाली तर उघड्या टोकावरही १.२ दिसेल.

माझ्याकडे साताऱ्यात हेच झालं होतं. वरचा पीएल-२५९ कनेक्टर मी साध्या इन्सुलेशन टेपने गुंडाळला होता. दुकानदाराने ‘यावर पाण्याचा थेंब जाणार नाही’ म्हणून दिलेला टेप. दोन पावसाळ्यांनंतर कनेक्टर उघडला तर आतून पाणी ओघळलं. केबल सोलत गेले. तांब्याची जाळी, जी गुलाबीसर चकचकीत असायला हवी, ती काळपट, मध्येमध्ये हिरवी. एक वीत कापली, काळी. हातभर कापली, तरी काळी. जाळीतून पाणी कंदिलाच्या वातीसारखं खेचलं जातं. शेवटी पावणेदोन मीटरनंतर स्वच्छ जाळी लागली. मी ती केबल जोडून वापरली नाही, टाकून दिली, आणि तुम्हीही टाका.

खात्री करायची असेल तर असं करा. वर अँटेना काढून त्या जागी पॉवर मीटर आणि डमी लोड लावा, खाली सेट लो पॉवरवर ठेवा, दुसऱ्या कोणाला क्षणभर पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबायला सांगा. खालचा आणि वरचा आकडा वहीत लिहा. २५ मीटरच्या चांगल्या आरजी-५८ मध्ये सुमारे एक तृतीयांश पॉवर वर पोचते. तुमच्याकडे त्याच्याही निम्मी पोचली नाही तर दोष केबलचाच. कोणाकडे नॅनोव्हीएनए हे छोटं मोजयंत्र असेल तर काम आणखी सोपं : वरचं टोक उघडं ठेवून खालून रिटर्न लॉस (जाऊन-येऊन झालेली गळती) मोजा आणि दोनाने भागा, एका फेरीची गळती मिळेल.

नवी केबल घेताना आरजी-२१३ घ्या. जाड आहे, महाग आहे, वळवायला त्रास देते, पण गळती निम्म्याहून कमी. कनेक्टरवर आपोआप एकजीव होणारा रबरी टेप ताणून गुंडाळा, त्यावर साधा टेप. आणि केबल भिंतीतून आत घेण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून टपकेल, घरात येणार नाही.

लोक १.५ चा १.१ करण्यासाठी रविवारच्या रविवार अँटेना कापत बसतात, त्याचं मला वाईट वाटतं. एसडब्ल्यूआर १.५ म्हणजे ४ टक्के पॉवर परत, २ म्हणजे ११ टक्के. पलीकडे ऐकणाऱ्याला हा फरक कळणारही नाही. आणि तुमच्या केबलमध्ये दोन तृतीयांश पॉवर ऊब होऊन जात होती, ती मात्र मीटरने एकदाही दाखवली नाही.

घरात डिशची ७५ ओहमची केबल भरपूर उरली आहे. ७ मेगाहर्ट्झच्या डायपोलला चालेल का? (वेंगुर्ला)

बेलाशक वापरा. मोकळ्या हवेतल्या अर्धलहरी डायपोलचा इंपीडन्स ७३ ओहमच्या आसपास असतो, तेव्हा अँटेनाशी या केबलचं ५० ओहमच्या केबलपेक्षा जास्त चांगलं जमतं. तुमचा डायपोल जमिनीपासून फार उंच नसेल, त्यामुळे हा आकडा बदलेल, पण घाबरण्यासारखं काही नाही. सेटला फार तर दीड एसडब्ल्यूआर दिसेल. अडचण वेगळीच आहे. या केबलची जाळी बहुतेक वेळा अॅल्युमिनियमची असते, तिला सोल्डर धरत नाही. एफ कनेक्टर दाबून बसवा किंवा स्क्रूखाली आवळा, आणि जोड पावसापासून जपा.

विज्ञान दिनाला मुलांना खोडदची रेडिओ दुर्बीण बघायला घेऊन गेले होते. तिथे कोणीतरी सांगितलं की दुर्बिणीच्या पहिल्या अॅम्प्लिफायरचं मॅचिंग जास्तीत जास्त पॉवर मिळेल असं करत नाहीत. इतका क्षीण सिग्नल असताना पॉवर मुद्दाम का सोडायची? (ओतूर, विज्ञानशिक्षिका)

तुम्ही मुलांना नेलंत याचा फार आनंद झाला. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या त्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आपल्या जुन्नर-नारायणगाव परिसरात आहेत, आणि त्या पट्ट्यातल्या प्रत्येक मुलाने त्या जवळून बघायला हव्यात.

तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. आकाशातून येणाऱ्या सिग्नलची अडचण तो लहान आहे ही नाही. लहान सिग्नल मोठा करता येतो, एकामागे एक अॅम्प्लिफायर लावा. अडचण ही की अॅम्प्लिफायर स्वतःची खरखर त्यात मिसळतो, आणि एकदा मिसळलेली खरखर कोणी वेगळी काढू शकत नाही. दुसऱ्या अॅम्प्लिफायरची खरखर त्यामानाने किरकोळ ठरते, कारण तोवर सिग्नल मोठा झालेला असतो. हॅरल्ड फ्रिस याने १९४४ मध्ये हा हिशोब सूत्रात मांडला. म्हणजे सगळी मदार पहिल्या अॅम्प्लिफायरवर.

आता ट्रान्झिस्टरचा एक गुण असा की त्याला समोर किती इंपीडन्स दिसतो यावर त्याची खरखर कमीजास्त होते. ती सर्वांत कमी जिथे होते तो इंपीडन्स आणि जास्तीत जास्त पॉवर मिळवून देणारा इंपीडन्स, हे दोन्ही सहसा एक नसतात. मग निवड करावी लागते. थोडी पॉवर सोडली तर पुढच्या टप्प्यात भरून निघते. खरखर वाढू दिली तर काहीच भरून निघत नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात पॉवरपेक्षा शांततेला झुकतं माप द्यायचं.

मुलांना विचारून बघा : तो अॅम्प्लिफायर वर, डिशवरून परतलेल्या लहरी जिथे एकवटतात तिथे का टांगलाय, खाली खोलीत का नाही? तिथे काम करणाऱ्यांना चढउतार करावी लागते, ऊनवारा सोसावा लागतो, तरीही. कारण अॅम्प्लिफायरच्या आधी केबलमध्ये फक्त अर्धा डेसिबल जरी गळला, तरी नेहमीच्या तापमानाला ती केबल ३५ केल्विनची खरखर पदरात घालते (खरखर तापमानाच्या एककात मोजतात). चांगल्या अॅम्प्लिफायरची स्वतःचीच खरखर त्या सुमाराची असते. वीतभर केबलपायी सगळ्या मेहनतीवर पाणी.

सोनोग्राफी करताना पोटावर ते थंडगार जेल का लावतात? माझा नातू म्हणतो, त्याचाही मॅचिंगशी संबंध आहे. (सोलापूर)

नातू हुशार आहे. ध्वनिलहरींनाही इंपीडन्स असतो. शरीराचा ध्वनी-इंपीडन्स हवेच्या साडेतीन हजार पटींहून जास्त आहे. त्वचा आणि यंत्राचा प्रोब यांच्यात हवेचा पातळसा थर राहिला तरी ९९.९ टक्के ध्वनी तिथूनच माघारी फिरतो, डॉक्टरांना आतलं काही दिसत नाही. जेल हवेला हटवतं आणि त्याचा इंपीडन्स शरीराच्या जवळपास असतो. प्रोबच्या आतही एक युक्ती आहे. तिथला सिरॅमिक स्फटिक शरीरापेक्षा साधारण वीसपट ‘कडक’, म्हणून त्याच्यापुढे पाव लहरीच्या जाडीचा, मधल्या इंपीडन्सचा थर बसवलेला असतो. पुढच्या उत्तरातला केबलचा तुकडा नातवाला वाचून दाखवा, युक्ती तीच आहे.

१४५ मेगाहर्ट्झची एक लहर लांबीची लूप अँटेना केली, २ मीटर ११ सेंटिमीटर तार. इंपीडन्स १०० ओहमच्या जवळ आला. सेट ५० चा. ट्रान्सफॉर्मर न गुंडाळता जुळवता येईल का? (फोंडा, गोवा)

येईल. ५० आणि १०० चा गुणाकार, त्याचं वर्गमूळ ७०.७. त्याच्या जवळची तयार केबल ७५ ओहमची. तिचा पाव लहरीचा तुकडा लूप आणि ५० ओहमच्या केबलमध्ये घाला. हवेत पाव लहर ५१.७ सेंटिमीटर भरते, पण केबलमध्ये लाट हळू जाते. आरजी-५९ सारखी भरीव पॉलिथिनची केबल असेल तर ०.६६ ने गुणा, ३४ सेंटिमीटर. फोमची आरजी-६ असेल तर ०.८२ च्या आसपास, म्हणजे ४२. फसगत होते ती कापताना. ही लांबी जाळीने झाकलेल्या भागाची आहे, सोललेली टोकं तीत धरायची नाहीत. आरजी-५९ चा तुकडा ३८ सेंटिमीटर कापा, दोन्ही टोकं दोन-दोन सेंटिमीटर सोला, आणि सोल्डर करण्याआधी जाळीच्या कडेपासून कडेपर्यंत पुन्हा एकदा पट्टी लावून बघा.